मक्याच्या बुरकुंडांचा कार्बन: ९८ टक्के रंग गेला तरी गाईड म्हणतात हा ॲक्टिव्हेटेड नाही

बुरकुंड_बहाद्दर

नमस्कार मंडळी. एमएस्सीचं प्रोजेक्ट चालूये, शेतातल्या कचऱ्यापासून ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवायचा आणि त्याने सांडपाण्यातला रंग काढायचा. मी मक्याची बुरकुंडं घेतली (दाणे काढल्यावर मधला दांडा उरतो ना, ती), धुतली, वाळवली, बारीक तुकडे केले आणि मुशीत झाकण लावून मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली विजेची बंद भट्टी) ५०० डिग्रीला तासभर ठेवली. मस्त काळा कोळसा निघाला. खलात कुटला, चाळला. मग मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं १० मिलिग्रॅम प्रति लिटरचं १०० मिली द्रावण घेतलं, त्यात १ ग्रॅम पावडर टाकली, दोन तास शेकरवर ठेवलं, फिल्टर पेपरमधून गाळलं आणि पाणी एकदम नितळ, ९८ टक्के रिमूव्हल!! मी हवेत. गाईडना दाखवलं तर म्हणाले "हा नुसता कोळसा आहे, ॲक्टिव्हेट कुठे केलास? आणि ते ९८ टक्के कुणाला सांगू नकोस" आणि गेले मीटिंगला. आता परत विचारायची हिंमत होत नाहीये.

तर प्रश्न असे की कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यात नेमका फरक काय, रंग गेला की नाही गेला मग आकड्यात चूक काय, आणि माझ्या शेजारच्या टेबलवरचा मित्र भाताच्या तुसाचा कोळसा करून ९९ टक्के शिसं काढतोय, मग मी पण तूसच घेऊ का?

निळी_बोटं

आधी आकडा बघू. १०० मिलीत १० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे सगळा मिळून रंग किती? १ मिलिग्रॅम. आणि तुम्ही टाकलात अख्खा १ ग्रॅम कोळसा. म्हणजे एका ग्रॅमने ०.९८ मिलिग्रॅम रंग धरला. बऱ्यापैकी ॲक्टिव्हेटेड कार्बन ग्रॅममागे २००-३०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू धरतो. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये एकच माणूस बसवायचा आणि वर सांगायचं की बघा, कुणालाही उभं राहावं लागलं नाही, असा प्रकार झाला हा. टक्केवारी कितीही वर नेता येते, पावडर वाढवत जायची फक्त. म्हणून ग्रॅममागे किती मिलिग्रॅम ते काढा, आणि तेही एकाच सांद्रतेला नाही, ५० पासून ५०० पर्यंत सात-आठ सांद्रता घ्या, कार्बन मात्र दर वेळी तेवढाच, ५० मिलीला ०.०५ ग्रॅम. मग कुठेतरी आलेख सपाट होत जाईल, ती खरी क्षमता. लँगम्युअर, फ्रॉइंडलिक ही आलेखावर बसवायची समीकरणं नंतर बसवा, आधी डेटा तर सपाट व्हायला पाहिजे.

आणि दुसरं, तुम्ही फिल्टर पेपरने गाळलंत. फिल्टर पेपर म्हणजे सेल्युलोज आणि मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग, तो कागदाला चिकटतो. गाळल्यावर कागद निळा दिसला असेल बघा आठवून. एवढ्या पातळ द्रावणात तुमच्या ९८ पैकी किती कोळशाने काढले आणि किती कागदाने, हे तुम्हालाच माहीत नाहीये. कार्बन न टाकता नुसतं द्रावण त्याच कागदातून गाळून रीडिंग घ्या, मजा बघा. सेंट्रिफ्यूज असेल तर कागद वापरूच नका. माझं पीएचडीचं पहिलं अख्खं सेमिस्टर ह्या कागदाने खाल्लंय, म्हणून एवढं तावातावाने लिहितेय.

अजून एक, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती उरला ते प्रकाशाने मोजणारं यंत्र) ६६४ नॅनोमीटरला वाचताना ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरची द्रावणं पातळ करूनच वाचा, त्यापुढे शोषणांक (द्रावण किती प्रकाश गिळतं तो आकडा) १ च्या वर जातो आणि कॅलिब्रेशनची रेघ वाकायला लागते. क्युव्हेटलापण (द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक नळी) निळा थर बसतो, मधून मधून अल्कोहोलने पुसा.

भट्टीवाले_काका

वरच्या ताईंनी मोजमापाचं सांगितलं, मी भट्टीचं सांगतो, माझं आयुष्य तिथेच गेलं.

बुरकुंड ५०० डिग्रीला हवेशिवाय तापवलं की पाणी, गॅस, डांबर निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा राहतो. त्यात छिद्रं असतात, नाही असं नाही, पण बरीचशी फार अरुंद असतात आणि निघता निघता डांबरच त्यांच्या तोंडाशी बसतं. म्हणजे खोल्या बांधल्यात पण दारं लिंपलेली. ॲक्टिव्हेट करणं म्हणजे ती दारं उघडणं आणि आतल्या भिंती कोरून नव्या खोल्या काढणं. चांगल्या कार्बनला एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो तो आतल्या ह्या खोल्यांमुळे, पावडर बारीक दळल्यामुळे नाही. हे पोरांना पटतच नाही, दळत बसतात नुसते. दळल्याने रंग लवकर आत पोचतो, जागा फारशी वाढत नाही.

रस्ते दोन. एक वाफेचा. कोळसा ८५० ते ९०० डिग्रीला न्यायचा आणि वरून वाफ सोडायची. वाफ कार्बनला खाते, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतो. ही क्रिया उष्णता ओढते, वाफ जास्त सोडली की भट्टी थंड पडते आणि पोरं म्हणतात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बिघडलं. आणि वाफ खाते म्हणजे माल कमी होतो, चांगली छिद्रं पाहिजेत तर कोळशाचा अर्धा भाग जाऊ द्यावा लागतो, सुरुवातीच्या वाळलेल्या मालाच्या हिशोबाने शंभरातले दहा-पंधरा हातात राहतात. नळीची भट्टी नसेल तर ह्या वाटेला जाऊ नका. आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हे लक्षात ठेवा, बंद खोलीत हा उद्योग नाही.

दुसरा रसायनाचा, तुमच्यासाठी हाच. यात कोळसा आधी करायचा नाही, कच्च्या बुरकुंडालाच फॉस्फोरिक ॲसिड पाजायचं. एक-दोन मिलिमीटरचे तुकडे, वाळलेले. ८५ टक्क्यांचं ॲसिड पाण्याने पातळ करून असं घ्या की वजनाने शुद्ध ॲसिड बुरकुंडाच्या दीडपट होईल. रात्रभर मुरवा, मग ११० डिग्रीच्या ओव्हनमध्ये पाणी उडवा, तिथेच माल काळपट चिकट होतो, घाबरायचं नाही. मग मुशीत दाबून, घट्ट झाकून ४५० ते ५०० डिग्री, एक तास, तापमान हळूहळू चढवत. ॲसिड सेल्युलोज आणि लिग्निनमधलं पाणी काढून घेतं, स्वतः फॉस्फेटच्या साखळ्या होऊन मधे अडकून बसतं आणि सांगाडा आक्रसू देत नाही. नंतर तुम्ही गरम पाण्याने धुता तेव्हा ते निघून जातं आणि त्याची जागा म्हणजे तुमची छिद्रं. म्हणून धुणं हा शेवटचा किरकोळ भाग नाही, धुताना छिद्रं मोकळी होतात. भट्टी फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणारं कपाट) पाहिजे, ॲसिडच्या वाफा निघतात आणि भट्टीची कॉइल खातात.

झाकणाचं परत सांगतो. मफल फर्नेसमध्ये हवा असते. झाकण सैल असलं की वरचा थर जळून राख. मूस एका मोठ्या भांड्यात ठेवा आणि भोवती, वरून साध्या कोळशाचा भुगा भरा, आत शिरणारी हवा आधी तो भुगा खाईल.

बुरकुंड_बहाद्दर

बापरे, एवढं कुणी लेक्चरला सांगितलं नव्हतं. आभारी आहे दोघांचा. काका, झाकणाचं अगदी बरोबर, माझ्या पहिल्या बॅचला वर करडा थर आला होता तो मी खरवडून फेकला आणि कुणाला बोललो नाही 🙈

एक सीनियर म्हणतोय की फॉस्फोरिक वगैरे जुनं झालं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापर, ३००० चौरस मीटरपर्यंत जातं म्हणे. करू का?

भट्टीवाले_काका

३००० पर्यंत जातं हे खरं आहे, पण नको. ते ७००-८०० डिग्रीला चालतं, त्या तापमानाला कार्बनबरोबर क्रिया होऊन धातुरूप पोटॅशियम तयार होतं. तुमच्या भट्टीत हवा अडवायला नायट्रोजन नाही, आणि अर्धवट गार झालेल्या मुशीत धुवायला पाणी ओतलंत तर काय होईल ते बारावीच्या पुस्तकात आहे. शिवाय कॉस्टिक तुमची सिरॅमिकची मूसपण खातं. ज्यांच्याकडे नायट्रोजनची नळीभट्टी आणि निकेलची भांडी आहेत त्यांनी करावं. रंग काढायला ३००० लागतही नाही. मिथिलीन ब्लूचा रेणू तसा मोठा, अगदी बारीक छिद्रांत तो शिरतच नाही, मग तो पृष्ठभाग कागदावर मोठा दिसतो आणि रंगाला काही कामाचा नाही.

राख_रांगोळी

तुसाबद्दल कुणी बोललंच नाही, मी बोलतो कारण मी त्यात तोंडावर आपटलोय.

भाताच्या तुसात १५ ते २० टक्के राख असते आणि ती बहुतेक सगळी सिलिका. आता कोळसा करताना बाकीचं उडून जातं, राख कुठे जाणार? ती तशीच राहते. शंभर ग्रॅम तुसाचा चाळीस ग्रॅम कोळसा झाला तर त्यात सोळा-अठरा ग्रॅम राखच. तुम्ही 'एक ग्रॅम कार्बन' म्हणून वजन करता त्यात अर्ध्याच्या आसपास रेती आहे असं समजा. गरम कॉस्टिक सोड्याने सिलिका विरघळवून काढता येते, ती छिद्रं वाढवायलापण मदत करते, पण एक काम वाढलं आणि तो सिलिकेटचा कॉस्टिक पाण्याचा नवा प्रश्न तयार झाला. करवंटी ह्याच्या उलट, राख एक टक्क्याच्या आसपास, घट्ट, बारीक छिद्रांची. बुरकुंड मधलं, राख थोडीच. तुम्ही आहात तिथेच बरे आहात.

आता मित्राचं ९९ टक्के शिसं. त्याला एकच विचारा की कोळसा टाकल्यावर पाण्याचा पीएच किती झाला. न धुतलेल्या कोळशात सिलिकेशिवाय पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षारही असतात, ते पाण्यात उतरले की पीएच ८-९ ला जातो आणि मग शिसं हायड्रॉक्साइड, कार्बोनेट होऊन खाली बसतं, गाळताना कागदावर अडकतं. मशीन म्हणतं शिसं गेलं. गेलं खरं, पण कोळशाने धरलं नाही, चुन्याची निवळी टाकली असती तरी गेलं असतं. मी ह्याच्यावर पोस्टर बनवून छापून भिंतीवर लावलं होतं, एका परीक्षकांनी समोर उभं राहून फक्त "ब्लँकचा (कार्बन न टाकलेल्या बाटलीचा) पीएच?" एवढंच विचारलं. कान लाल झाले माझे. तेव्हा आधी कोळसा नीट धुवा, प्रयोग पीएच ५ ला ठेवा, आणि कार्बन नसलेली बाटली त्याच पीएचला शेजारी ठेवा.

सहा संयुजेच्या क्रोमियमवर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: आम्लधर्मी पाण्यात कार्बन त्यातल्या काहीचं तीन संयुजेत रूपांतर करतो, ते पाण्यातच राहतं, पण ५४० नॅनोमीटरला डायफिनाइलकार्बाझाइडच्या रंगाने वाचलं की दिसत नाही. एकूण क्रोमियम मोजल्याशिवाय 'काढलं' म्हणू नका.

विहीरवाला

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आलंय रिपोर्टमध्ये, असा कार्बन बनवून पिण्याच्या पाण्याला लावला तर चालेल का? यूट्यूबवर तर सगळं निघतं म्हणतात.

निळी_बोटं

नाही दादा. साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन फ्लोराइड, नायट्रेट, क्षारांचा जडपणा यातलं काही नीट काढत नाही. त्याला सेंद्रिय पदार्थ आवडतात: रंग, वास, कीटकनाशकं, फिनॉल, आणि क्लोरीन काढतो. फ्लोराइडला ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना किंवा आरओ बघा. आणि ह्या धाग्यातला ॲसिडने बनवलेला माल तर पिण्याच्या पाण्यात घालूच नका, धुणं कमी पडलं तर फॉस्फेट उतरतं, आणि ओल्या कार्बनवर जिवाणू मजेत वाढतात, तो काही जंतू मारत नाही.

विहीरवाला

बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई.

गाळ_आणि_मी

सांडपाणी प्रक्रियेत ऑपरेटर होतो बरीच वर्षं, थोडं कडू बोलतो. दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी येतो, साहेब मी अमक्या सालीपासून स्वस्त कार्बन केलाय, टाकून बघा. पावडर असते. पावडर आमच्या उभ्या कॉलममध्ये भरली तर पाणी खाली उतरतच नाही, प्रेशर चढतो आणि मग सगळं काळं पाणी पुढच्या टाकीत. कॉलमला दाणे लागतात आणि दाणे कठीण लागतात, उलट धुताना एकमेकांवर घासून भुगा नाही झाला पाहिजे. म्हणून कठीण कवचाला मान आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत गॅस मास्कच्या कार्बनसाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडाची कवचं गोळा केली होती, ती उगाच नाही. बुरकुंड, तूस, चिपाडं हलकी असतात, ट्रक भरून आणलं तरी वजन भरत नाही, आणि ओली आली तर वाळवायलाच अर्धं जळण जातं. 'कचरा फुकट आहे' असं म्हणणाऱ्याने एकदा तो गोळा करून बघावा.

पावडर निरुपयोगी आहे असं म्हणत नाहीये मी. टाकीत ढवळून टाकायची, गाळाबरोबर खाली बसवायची, तसं चालतं. पण मग तो रंग धरलेला कार्बन गाळात गेला, त्याचं काय करणार हे प्रोजेक्टमध्ये एक पान तरी लिहा. दाणेदार असेल तर ८०० च्या वर तापवून वाफेवर पुन्हा ताजा करतात, दर फेरीला काही टक्के माल जळतो. पावडरचं तसं कुणी करत बसत नाही.

आणि कार्बनच्या बंद टाकीत उतरायचं असेल तर आधी ऑक्सिजन मीटर. ओला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. आत वास नाही धूर नाही, माणूस उतरतो आणि खाली बसतो.

राख_रांगोळी

गाळभाऊ पूर्ण सहमत, फक्त एवढंच की एमएस्सीच्या पोराने अख्खा प्लांट सोडवायचा नाहीये, त्याने एक गोष्ट नीट मोजली तरी पुरे.

निळी_बोटं

बहाद्दर, आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा) पण काढा, महाग मशीन लागत नाही, ब्युरेट पुरे. १ ग्रॅम वाळलेला कार्बन, १० मिली ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड, अर्धा मिनिट हलकं उकळा, गार करा, १०० मिली ०.१ नॉर्मल आयोडीन टाकून अर्धा मिनिट जोरात हलवा, लगेच गाळा, पहिले २०-३० मिली फेकून द्या (परत तोच कागद!), मग ५० मिली घेऊन थायोसल्फेटने टायट्रेट, शेवटी स्टार्च. मागे उरलेलं आयोडीन ०.००८ ते ०.०४ नॉर्मलच्या मधे आलं पाहिजे, नाहीतर कार्बनचं वजन बदलून परत. बाजारातल्या चांगल्या कार्बनला ९००-१००० च्या आसपास येतं.

बुरकुंड_बहाद्दर

मंडळी, तीन आठवड्यांनी हजर. सगळं सांगतो.

कागदाचा ब्लँक केला. १० मिलिग्रॅमचं द्रावण, कार्बन अजिबात नाही, गाळल्यावर पहिल्या १० मिलीत ६ उरलं. म्हणजे माझा कागदच ४० टक्के रिमूव्हल देत होता 😭 आता सेंट्रिफ्यूज.

जुना कोळसा ताईंच्या पद्धतीने, २०० मिलिग्रॅम प्रति लिटर, ५० मिलीला ०.०५ ग्रॅम: शेवटी १८३ उरलं, म्हणजे ग्रॅमला १७. आयोडीनला १ ग्रॅमने काही होईना, द्रावण तसंच लालभडक, ५ ग्रॅम घेतला तेव्हा रेंजमध्ये आलं, नंबर साधारण २००. गाईड बरोबर होते.

मग काकांच्या पद्धतीने फॉस्फोरिक. २० ग्रॅम बुरकुंडांतून ८ ग्रॅम निघाला, भुग्यात पुरलेली मूस, वर राखेचा ठिपका नाही. आयोडीन ८२०. आणि २०० च्या द्रावणात शेवटी ४ उरलं. म्हणजे परत ९८ टक्के, पण ह्या वेळी ग्रॅमला १९६!! आता गाईडना दाखवू ना?

निळी_बोटं

वा!! तोच ९८, दोनशेपट माल. पण थांबा, अजून दाखवू नका. २०० मधले १९६ गेले म्हणजे हॉल अजून भरलेलाच नाही, रंगच कमी पडला. ३००, ४००, ५०० लावा, सपाट होईपर्यंत. आणि रात्रभर शेकरवर ठेवा, दोन तासांत समतोल आला की नाही तेही माहीत नाहीये अजून.

भट्टीवाले_काका

शाब्बास. धुतलेल्या पाण्याचा पीएच किती आला शेवटी?

बुरकुंड_बहाद्दर

नववं पाणी, ४.१ 😬 कंटाळून थांबलो.

भट्टीवाले_काका

मग ८ ग्रॅममधलं थोडं वजन फॉस्फेटचंच आहे. गरम पाणी घ्या, उकळतं, आणि ६ च्या पुढे जाईपर्यंत धुवा, वाळवून परत वजन करा. उत्पन्न कमी भरेल, ग्रॅममागचा आकडा वाढेल.